‘सॉफ्टवेअरचं एमटेक म्हणजे दोन वर्षं पाण्यात’: नाही भाऊ, असं नाहीये

जळगाव, धुळे, शहाद्याकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणे सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचं एमटेक करू नका, कारण सिलॅबस जुना, कोड तर आता एआयच लिहितं, सिलॅबस कंपन्यांच्या हातात देऊन दरवर्षी नवीन टूल टाकल्याशिवाय काही खरं नाही, आणि खान्देशात राहून हे जमणारच नाही, त्यापेक्षा पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स करा. मी आधी कंपनीत होतो, आता इकडेच पीजीच्या पोरांना शिकवतो. ॲडमिशनच्या तोंडावर पालक हाच मेसेज उघडून समोर धरतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिला मुद्दा, सिलॅबस जुना. यात तथ्य आहे, नाकारत नाही. वॉटरफॉल मॉडेलवर, म्हणजे एक टप्पा पूर्ण झाला की मगच पुढचा या जुन्या पद्धतीवर, पानंच्या पानं आणि टेस्टिंग शेवटच्या युनिटमध्ये, जे परीक्षा जवळ आली की शिकवायचंच राहतं, असे सिलॅबस मी पाहिलेत. पण जुनं म्हणजे टाकाऊ हे कोणी ठरवलं? सॉफ्टवेअरचे संशोधक डेव्हिड पार्नास यांनी 1972 मध्ये सांगितलं की जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे तो एकाच मॉड्यूलच्या, म्हणजे प्रोग्रामच्या एका सुट्या भागाच्या आत झाकून ठेवा, म्हणजे बदल झाला तरी बाकीचं हलत नाही. पन्नास वर्षं उलटली, आजही आमची पोरं पेमेंटचा भाग वेगळा काढतात तो याच विचाराने. उलट टूलचं बघा, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवायला आधी सीव्हीएस, मग सबव्हर्जन, 2005 मध्ये गिट आलं, ज्यांनी नुसत्या कमांड पाठ केल्या त्यांना दरवेळी पाटी कोरी करावी लागली, आणि ज्यांना ब्रँच (कोडची वेगळी फांदी) कशासाठी आणि हिस्टरी (बदलांचा इतिहास) कशासाठी हे कळलं होतं ते थोड्याच दिवसांत नव्या टूलवर रुळले.

आणि पीजीचा सिलॅबस कसा आखायचा यावर जगात नीट विचार झालेला आहे. 2009 मध्ये अमेरिकेत स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने विद्यापीठं, कंपन्या आणि सरकारी खात्यातले लोक एकत्र बसले आणि सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या मास्टर्ससाठी एक आराखडा काढला, जीएसडब्ल्यूई 2009. त्यात आधी लिहिलंय की बाहेर पडणाऱ्याला काय काय करता आलं पाहिजे, विषय नंतर. गाभ्याचा भाग साधारण निम्मा, उरलेलं ज्या त्या विद्यापीठाने आपल्या गरजेप्रमाणे भरायचं. आत येणाऱ्याकडे दोनेक वर्षांचा कामाचा अनुभव असावा अशीही अपेक्षा आहे, आणि मला ही फार मोलाची वाटते, कारण प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे लोक प्रत्यक्ष वापरत असलेल्या सिस्टीमवर, एकदा तरी रात्री अडकलेला मुलगा टेस्टिंगचं लेक्चर वेगळ्याच कानांनी ऐकतो. हा गाभा ज्या स्वेबोक नावाच्या गाइडवर उभा आहे तोही बदलत राहतो, 2004, मग 2014, मग 2024 ची चौथी आवृत्ती, तिच्यात आर्किटेक्चर, सिक्युरिटी आणि ऑपरेशन्स यांना स्वतंत्र प्रकरणं मिळाली. म्हणजे काय ठेवायचं, काय बदलायचं याची रीत आहे, ती वापरत नाही हा दोष आपला.

आपल्याकडचंच बघा ना. तंत्रशिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या एआयसीटीईच्या 2018 च्या मॉडेल करिक्युलममध्ये एमटेकला 68 क्रेडिट आहेत, त्यातले 26 डिसर्टेशनचे, म्हणजे शेवटच्या मोठ्या प्रोजेक्ट-प्रबंधाचे. एक तृतीयांशाहून जास्त डिग्री ही गाइड आणि विद्यार्थ्याच्या हातात आहे, तिथे ताजा विषय घ्यायला बोर्ड ऑफ स्टडीजच्या (सिलॅबस ठरवणाऱ्या समितीच्या) मीटिंगची वाट बघावी लागत नाही. आता काही जण तयार प्रोजेक्ट विकत आणून जमा करतात हे मलाही माहितीये, पण त्याचं खापर सिलॅबसच्या वयावर कसं फोडणार?

दुसरा मुद्दा, एआय कोड लिहितं. लिहितं, आमची पोरं रोज वापरतात, वापरावंच. पण 1 ऑगस्ट 2012 ला नाइट कॅपिटल या अमेरिकन ट्रेडिंग कंपनीत काय झालं बघा. नवा कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता, एक राहून गेला. त्या एकावर कित्येक वर्षं न वापरलेला जुना कोड तसाच पडून होता, आणि तो चालू करणारा फ्लॅग, म्हणजे कोडमधलं बटण, नव्या कामासाठी परत वापरला होता. बाजार उघडला, जुना कोड जागा झाला आणि पाऊण तासात जवळपास 44 कोटी डॉलर गेले. तिथे कोड लिहिणाऱ्या हातांची कमी नव्हती! मेलेला कोड काढायचा कोणी, आठही सर्व्हर तपासायचे कोणी, बिघडलं तर थांबवायचं कसं, हे कोणीच बांधून ठेवलं नव्हतं. कोड जितका भराभर निघेल तितकं हे काम वाढणार. म्हणून माझं म्हणणं, टेस्टिंग, दुसऱ्याचा कोड वाचणं आणि रिलीजची शिस्त यांचे तास वाढवा, आणि परीक्षेत ‘आकृतीसह स्पष्ट करा’ऐवजी एआयने लिहिलेला कोड हातात देऊन चुका शोधायला लावा.

सिलॅबस कंपन्यांनीच ठरवावा यावर थोडक्यात. कंपनीचा माणूस मीटिंगला हवाच. पण कंपनी चालू प्रोजेक्टचं बघते, पोराला पुढची तीस वर्षं काढायचीत. आणि कोणती कंपनी? हिंजवडीतली सर्व्हिस कंपनी आणि ठिबकचे कंट्रोलर बनवणारा जळगावचा कारखाना, दोघांच्या मागण्या वेगळ्या. टूल लॅबमध्ये दरवर्षी बदला, पेपरमध्ये नको.

राहिला खान्देश. देशातला पहिला आधार नंबर 29 सप्टेंबर 2010 ला दिला गेला तो आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. मजुरीने बोटांच्या रेषा झिजलेल्या, धडगावकडे रेंजचा भरवसा नाही, मग रेशन दुकानात अंगठा लागला नाही तर सिस्टीमने काय करायचं? रिक्वायरमेंट, म्हणजे लोकांना सिस्टीमकडून नक्की काय हवंय ते ओळखणं, शिकायला याहून जिवंत प्रश्न कुठल्या एसी क्लासरूममध्ये मिळणारे?

आमच्या एका ग्रुपने रावेरकडच्या केळी व्यापाऱ्यासाठी पावतीचं ॲप घेतलं होतं. पोरांना वाटलं वजन गुणिले भाव, झालं. बांधावर उभं राहिल्यावर कळलं की भाव रावेरचा लावायचा की बऱ्हाणपूरचा यावरच वाद, कटती (वजनातली वजावट) किती धरायची ती तिथेच ठरते, शेतात नेटवर्क नाही म्हणून दोन फोनवर दोन वेगळ्या पावत्या तयार होतात, आणि संध्याकाळी व्यापाऱ्याला आकडा दुरुस्त करायचा असतो तेव्हा शेतकरी म्हणतो, मंग आधीचा आकडा कुठे गेला भो? शेवटी त्यांनी जुनी नोंद पुसायची सोयच काढून टाकली, दुरुस्ती म्हणजे नवी नोंद, कोणी केली, किती वाजता केली, सगळं दिसलं पाहिजे. ऑडिट ट्रेलचं, म्हणजे प्रत्येक बदलाचा माग ठेवण्याचं, प्रकरण त्यांना पुन्हा शिकवावं लागलं नाही.

पैशांचं मेसेजमध्ये काहीच नाही. गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा क्वालिफाय होऊन एआयसीटीई मान्यतेच्या फुलटाइम एमटेकला ॲडमिशन घेतली, तर महिन्याला 12,400 रुपये स्कॉलरशिप मिळते. सहा महिन्यांच्या कोर्सला फी, रूमचं भाडं, मेस, सगळं बापाच्या खिशातून. कॉलेज निवडताना तीन गोष्टी मात्र विचारा: इलेक्टिव्ह (निवडीचे विषय) शेवटचे कधी बदलले, मागच्या बॅचच्या डिसर्टेशनचा वापर खरंच कोणी करतंय का, आणि शिकवणाऱ्यांपैकी कोणी कंपनीत काम केलंय का. उत्तरं धड मिळाली नाहीत तर दुसरं कॉलेज बघा, डिग्री सोडू नका.