खालचे काका आणि वरची गन

लाकडी फ्लोअरिंग ठोकायची हवेवरची गन ज्यांनी कुणी काढली, त्यांच्या घराखाली त्यांचंच तळघर असणार. खिळा आरपार गेलाच, तर तिथल्या जुन्या सायकलीवर पडेल. मुंबईत आपली जमीन म्हणजे दुसऱ्याचं छत. त्या छताला पंखा असतो आणि पंख्याखाली दुपारी दोन ते चार एक काका झोपलेले असतात. इतर लोक गन घेताना वजन, हवेचा दाब आणि किंमत बघतात. मी काका बघत होतो.

लाकडाबद्दल मात्र वाद नव्हता. गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला गेली, तेव्हा पोटमाळ्याच्या बर्मा सागाच्या फळ्या भंगारवाल्याच्या तावडीतून मी सोडवून आणल्या होत्या. रे रोडच्या वखारीत त्या तीन इंच रुंद, १९ मिलिमीटर जाड कापून घेतल्या. एका कडेला जीभ, दुसरीला खाच. "अहो, टाइल्सनी काय घोडं मारलंय?" हा प्रश्न घरात वेळोवेळी विचारला गेला आणि वेळोवेळी तहकूब झाला.

या फळीत खिळा वरून मारायचा नसतो. जिभेच्या मुळाशी तो ४५ अंशात तिरका मारतात आणि पुढच्या फळीची खाच त्यावर चढली की पाप झाकलं. हे काम करणाऱ्या गनला बहुधा चाप नसतो. तिच्या डोक्यावर रबरी मोगरीने हाणायचं. त्या एका दणक्यात फळी शेजारणीला घट्ट चिकटते, आतली झडप उघडते आणि हवा खिळा खाली दाबते. हाणल्याशिवाय काम न करणारं यंत्र म्हटल्यावर आमच्या इमारतीतल्या काही ज्येष्ठांना ते लगेच पटलं.

पण गन कुठली? इथे दोन पंथ आहेत. एक स्टेपलवाले, दुसरे क्लीटवाले. स्टेपल साडेपंधरा गेजची, दोन पायांची, स्वस्त. पण लाकूड टणक असलं की दोन पाय मिळून जीभ चिरतात. क्लीट म्हणजे १६ गेजचा चपटा, कडेला दाते असलेला खिळा. गेजचा आकडा वाढला की खिळा बारीक होतो. बारीक फळ्यांसाठी १८ गेजचा येतो. क्लीटवाल्यांचं म्हणणं असं की लाकूड पावसाळ्यात फुगतं, हिवाळ्यात आकसतं, आणि क्लीट त्याच्याबरोबर जरा मागेपुढे होतो. ज्या गावात जूनमध्ये कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे मागेपुढे होणारा खिळाच बरा, असं मी ठरवलं. भिंतीलगत बोटभर फट सोडून वर स्कर्टिंग मारायचं, हेही त्याच फुगण्यासाठी.

त्यात एल डोक्याचा क्लीट वेगळा, टी डोक्याचा वेगळा. बोस्टिच कंपनीची एकसारखी दिसणारी गन दोन अवतारांत येते, एक स्टेपलची आणि एक क्लीटची. एकीचं खाद्य दुसरीला चालत नाही. तिन्ही प्रकार खाणाऱ्या गनाही आहेत. गन म्हणजे जावई: घरात आणायचा खर्च एकदाच, पण मानपान जन्मभर. म्हणून आधी खिळे कुठले मिळतील ते बघायचं आणि गन मग.

त्यासाठी मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीट गाठली. जगातला कुठलाही नटबोल्ट या गल्लीत मिळतो, फक्त तुम्हाला हवा असलेला शेजारच्या दुकानात असतो. दुकानदाराने माझं सगळं ऐकून घेतलं आणि एफ-थर्टी काढून ठेवली. ही आपल्याकडच्या प्रत्येक सुताराच्या पिशवीत असलेली पिन गन. १८ गेजच्या बारीक पिना, जास्तीत जास्त ३० मिलिमीटर, त्याही सरळ. "साहेब, अख्ख्या मुंबईचं फर्निचर हिच्यावर उभं आहे." असेलही. पण फर्निचर उभं असतं आणि फ्लोअरिंगवर आमचं कुटुंब उभं राहणार होतं. मग त्याने एसटी-६४ काढली, काँक्रीटमध्ये ६४ मिलिमीटरपर्यंतचे खिळे घालणारी. "ही थेट स्लॅबमध्ये जाते," तो अभिमानाने म्हणाला. माझ्या डोळ्यांपुढे काकांचा पंखा आला.

शेवटी न्यू जर्सीतल्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, ज्याच्या नावात गन आहे ते मी बॅगेत घालणार नाही." त्याला समजावलं की ही हवेवर चालते, तिला वायर नाही, प्लग नाही, त्यामुळे ११० व्होल्ट आणि २३० व्होल्टचा प्रश्नच नाही. अमेरिकेतून आणलेली आणि ट्रान्सफॉर्मरशिवाय चालणारी आमच्या घरातली ही पहिली वस्तू. नावाची अडचण त्याच्या आईने सोडवली. तिने त्याला ती 'खिळे मारायचं मशीन' म्हणून आणायला सांगितली. पाच किलोचा तो ऐवज आणि क्लीटची खोकी आली. अडचण निघाली ती हवेची नळी जोडायच्या आट्यांमध्ये. पाव इंची अमेरिकन आट्या इंचाला १८, गनला हवा पुरवणाऱ्या आपल्या कंप्रेसरच्या १९. फिटिंग दीड फेरा छान फिरतं, मग रुसतं. जबरदस्ती केली तर हवा जन्मभर सुसू करत राहते. भायखळ्याच्या एका लेथवाल्याने एका टोकाला १८ आणि दुसऱ्याला १९ आट्यांचा पितळी तुकडा करून दिला. दोन देशांमधला इतका स्वस्त करार दुसरा नसेल.

आता सोसायटी. कमिटीपुढे खालचे काका म्हणाले, "दोन इंची खिळा म्हणे! उद्या माझ्या छतातून टोकं आली तर?" स्लॅब पाच इंचांची आहे हे सांगून उपयोग नव्हता, काकांचा बिल्डरवर विश्वास नाही. मी नातवाच्या कंपासपेटीतला ४५ अंशांचा गुण्या घेऊन गेलो होतो. ५० मिलिमीटरचा खिळा तिरका गेला की खाली उतरतो ३५. त्यातले ११ फळीतच जातात, उरले २४. फळ्यांखाली, स्लॅबवर अंथरलेली प्लाय १८ची. म्हणजे सहा मिलिमीटर स्लॅबवर आपटणार, खिळा वाकणार आणि डोकं वर राहणार. म्हणून ३८चा खिळा घ्यायचा. तो उतरतो २७, फळीखाली जातो १६, दोन मिलिमीटर प्लाय शिल्लक. "खिळा तुमच्या छताला शिवतसुद्धा नाही, काका." काकांनी गुण्या उलटसुलट करून पाहिला आणि परत करताना म्हणाले, "आणि आवाज?"

सेक्रेटरींनी २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम काढले: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आमच्या गणपतीतल्या ढोलाचे किती, हे विचारायची ती वेळ नव्हती. एका सदस्याने सुचवलं, कंप्रेसरच नको, हाताने चालणारं नेलर घ्या. तेही असतं, पण त्यात खिळा बसायला दोन-तीन घाव लागतात. मी फळ्यावर हिशोब मांडला. खोली दहा बाय बारा, तीन इंची फळ्यांच्या ४० ओळी, दर आठ इंचांना एक खिळा म्हणजे ओळीत १८. एकूण ७२०. हवेवरच्या गनचे ठोके ७२०, हातच्या नेलरचे दीड-दोन हजार. काकांनी क्षणात हवेच्या बाजूने मत दिलं. एनओसीवर सेक्रेटरींनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'ठोके कमाल ७२०, सकाळी १० ते १ व दुपारी ४ ते ६.'

मिस्त्रीने पहिल्यांदा दाब १०० पीएसआयला लावला आणि टाकाऊ तुकड्याची जीभ उभी चिरली. ८०वर आणल्यावर खिळे शहाण्यासारखे बसू लागले. (लाकडाच्या टणकपणाच्या जांका मापात सागवान अमेरिकेतल्या रेड ओकच्या खाली येतं, हे मी मिस्त्रीला सांगितलं नाही. त्याचा सागावर जीव आहे.)

आणि मग आली शेवटची ओळ. भिंत इतकी जवळ की गन बसत नाही, मोगरी फिरत नाही. मिस्त्रीने काही न बोलता पिशवीतून स्वतःची एफ-थर्टी काढली आणि वरूनच पिना मारल्या, त्याही जोडीजोडीने. भोकं लांबी भरून बुजवली. "बोला था ना साहब," एवढंच.

दुसऱ्या दिवशी काका वही घेऊन वर आले. त्यांच्या मोजणीत ७३८ भरले होते. जादा १८ ठोक्यांचा लेखी खुलासा सोसायटीने मागवला आहे. जोडीतल्या पिना एक धरायच्या की दोन, यावर पुढच्या रविवारी सभा आहे.