एसटी विकून टाका म्हणणाऱ्यांना, मुक्कामी गाडीच्या गावातून

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला: शाळेच्या, माहेरच्या आणि बचत गटाच्या. थोडक्यात तो असा. एसटी म्हणजे सरकारने पोसलेला पांढरा हत्ती आहे. तिचा 10 हजार कोटींचा तोटा तुमच्या-आमच्या करातून भरला जातो. त्याच रस्त्यावर, त्याच डिझेलवर खासगी ट्रॅव्हल्सवाले नफा कमावतात. फुकटच्या सवलतींनी आणि कामचुकार कर्मचाऱ्यांनी एसटी बुडवली. तशीही आता घरोघरी मोटारसायकल आहे. तेव्हा सरकारने हा धंदा बंद करावा, एसटी खासगी लोकांना द्यावी, म्हणजे गावोगाव चांगली आणि स्वस्त गाडी येईल.

सातारा जिल्ह्यातल्या डोंगरात आमचं गाव आहे. मी तालुक्याच्या ठिकाणी शिकवते आणि बारा वर्षं मुक्कामी एसटीने जाते-येते. बचत गटाच्या ग्रुपवर या मेसेजला पसंतीचे अंगठे देणाऱ्यांत रोज माझ्याच गाडीत बसणाऱ्या दोघीजणी होत्या, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी तोट्याचं. आकडा खरा आहे. जून 2025 मध्ये परिवहन खात्याने एसटीची श्वेतपत्रिका काढली, तिच्यात संचित तोटा 10 हजार कोटींच्या वर दाखवला आहे. पण संचित म्हणजे वर्षानुवर्षं साठत आलेला. मेसेज वाचून तो एका वर्षाचा वाटतो. शिवाय एसटीच्या प्रत्येक तिकिटावर राज्य सरकार 17.5 टक्के प्रवासी कर घेतं, ही गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. एका हाताने कर घ्यायचा, दुसऱ्या हाताने मदत द्यायची, आणि जगाला फक्त मदतीचा हात दाखवायचा, असा हा हिशेब आहे.

त्याहून मोठी गोष्ट कायद्यात आहे. ज्या 1950 च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यावर एसटी उभी आहे, त्याने महामंडळावर दोन्ही जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. लोकांना पुरेशी, परवडणारी वाहतूक द्यायची आणि कारभार व्यावसायिक तत्त्वांवर करायचा. मेसेज लिहिणाऱ्याने यातली दुसरीच उचलली. मी शिकवते त्या शाळेला यंदा किती तोटा झाला, असं मला आजवर कोणी विचारलेलं नाही. आमच्या गावचा घाटरस्ता डांबरी केला तेव्हाही त्या रस्त्याचा तोटा कोणी काढला नाही. त्या रस्त्यावरून गाडी सोडली की मात्र लगेच तोट्याची भाषा सुरू होते.

आता खासगी ट्रॅव्हल्सचा नफा. त्याच रस्त्यावर, असं मेसेज म्हणतो. कोणत्या रस्त्यावर? पुणे-कोल्हापूर, मुंबई-पुणे, पुणे-नागपूर. संध्याकाळी किंवा रात्री सुटायचं, मोठ्या शहरातून भरून घ्यायचं आणि मोठ्या शहरात रिकामं करायचं. या गाड्यांचा परवानाच मुळात कंत्राटी वाहतुकीचा असतो. वाटेत थांबत माणसं चढवणं-उतरवणं, म्हणजे टप्पा वाहतूक, हे त्यांचं काम नाही. एसटीचं मात्र तेच काम आहे. हायवेवरच्या भरलेल्या गाड्यांनी जे मिळवायचं, ते डोंगरातल्या अर्ध्या रिकाम्या फेऱ्यांवर खर्च करायचं, याच मेळावर एसटी आजवर चालली. हायवेवरची मलई दुसऱ्याने नेली की एसटीच्या वाट्याला आमच्यासारख्या गावांच्या फेऱ्या उरतात, आणि मग त्याच फेऱ्यांचं भारमान, म्हणजे किती सीट भरल्या ते, दाखवून एसटीला नालायक ठरवलं जातं.

स्वस्त म्हणावं तर दिवाळीत पुण्याहून नागपूरला किंवा लातूरला जाणाऱ्याला खासगी तिकिटाचा भाव विचारा. हे भाव इतके वर गेले की एप्रिल 2018 मध्ये सरकारला आदेश काढावा लागला: खासगी बसचं भाडं त्या मार्गावरच्या एसटी भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त नको. म्हणजे खासगी गाडीचं भाडं जास्त की रास्त, हे मोजायचं मापसुद्धा एसटीचं तिकीट आहे. एसटी गेल्यावर दीडपट कशाची काढणार?

मेसेजमधलं सगळ्यात मोठं वाक्य शेवटचं आहे, की एसटी काढून घेतली तर गावोगाव खासगी गाडी येईल. यावर अंदाज बांधायची गरज नाही, कारण हा प्रयोग महाराष्ट्रात होऊन गेला आहे.

ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जवळपास सगळी आगारं बंद पडली. तेव्हा सरकारने अधिसूचना काढून खासगी बस, स्कूल बस, कंपन्यांच्या बस, इतकंच काय मालवाहू गाड्यांनासुद्धा प्रवासी नेण्याची परवानगी दिली. एसटी स्टँडचे दरवाजे खासगी गाड्यांना उघडले. उच्च न्यायालयाने कामावर हजर व्हायला 22 एप्रिल 2022 ची मुदत दिली, तोवर पाच महिने उलटून गेले होते. एसटीची स्पर्धा नाही, परवान्याची अडचण नाही, स्टँड मोकळे, प्रवासी रस्त्यावर उभे. खासगी मालकाला याहून मोकळं रान कधी मिळणार?

या पाच महिन्यांत आमच्या गावात एकही बस आली नाही.

बाजाराच्या दिवशी वडापची, म्हणजे माणसं कोंबून नेणारी खासगी, एक जीप यायची. भरली तर सुटायची, नाहीतर फाट्यावरूनच परत फिरायची. भाडं एसटीच्या दुप्पट. मागच्या फळीवर लोंबकळणाऱ्या पोरांकडूनही तेवढंच घ्यायचे. कोरोनानंतर कॉलेजं नुकती कुठे उघडली होती. आमच्या गावातून अकरावी-बारावीला 11 मुली होत्या. सगळ्यांचे पास फुकटचे, आणि गाडी नसल्याने ते पास दप्तरात पडून. मुलं कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून गेली. मुलींना कोणी तसं पाठवलं नाही. चौघी तालुक्याला नातेवाइकांकडे राहिल्या, चौघींनी घरीच अभ्यास करून कशीबशी परीक्षा दिली. उरलेल्या तिघींचं शिक्षण तिथेच संपलं. त्यातल्या एकीचं मे महिन्यात लग्न झालं. ती गणितात हुशार होती. मी तिला आठवी ते दहावी शिकवलं आहे. मेसेजमधला खासगी गाडीचा भरवसा वाचताना मला तिची आठवण येते.

कोणी म्हणेल, पाच महिने हा थोडा काळ झाला, बाजार बसायला वेळ लागतो. मग शेजारी बघा. मध्य प्रदेशाने आपलं राज्य परिवहन महामंडळ 2005 मध्ये बंद केलं. खासगी मालकांना 20 वर्षं मिळाली. एप्रिल 2025 मध्ये त्याच राज्याच्या मंत्रिमंडळाने ‘मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा’ मंजूर केली. गाड्या खासगी असतील, पण मार्गांची आखणी आणि देखरेख पुन्हा सरकारी कंपनीकडे. इंग्लंडने ऑक्टोबर 1986 मध्ये लंडन सोडून बाकी सगळीकडे बससेवा मोकळी केली होती. कोणीही यावं, परवडेल तो मार्ग चालवावा, नको तो सोडावा. लंडनमध्ये मात्र मार्ग, वेळा आणि भाडं सार्वजनिक यंत्रणेनेच ठरवायचं आणि खासगी कंपन्यांनी कंत्राटावर गाड्या चालवायच्या, ही रीत राहिली. पुढे मँचेस्टरने सप्टेंबर 2023 पासून टप्प्याटप्प्याने आपल्या बस पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली घेतल्या आणि जानेवारी 2025 मध्ये ते काम पुरं केलं.

या दोन्ही ठिकाणी खासगी गाड्या आहेतच, आणि त्याला माझा विरोध नाही. गाडीची मालकी कोणाचीही असो. आमच्या गावाला फेरी सुटलीच पाहिजे, ही जबाबदारी कोणाच्या डोक्यावर, एवढंच मी विचारते आहे. मेसेजमध्ये ती कोणाच्याच डोक्यावर नाही. कंत्राट दिलं की काम वेळेवर होतं असंही नाही. एसटीने 5,150 विजेच्या बस भाडेतत्त्वावर घ्यायचा करार केला आणि गाड्या ठरलेल्या वेळेत आल्या नाहीत.

सवलतींबद्दल. 75 वर्षांवरच्यांना ऑगस्ट 2022 पासून मोफत प्रवास, महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट, शाळकरी मुलींचे पास, डायलिसिसच्या आणि सिकलसेलच्या रुग्णांच्या सवलती. हे निर्णय सरकारचे, आणि त्यांची रक्कम एसटीला भरून देणं हेही सरकारचं काम. ती उशिरा मिळाली की एसटीच्या खिशात चणचण होते, पण तो दोष पैसे थकवणाऱ्याचा झाला, त्या सवलतीवर दवाखान्यात जाणाऱ्या म्हातारीचा नव्हे. आणि सवलतींनी एसटी बुडाली म्हणावं, तर महिलांना अर्धं तिकीट झाल्यावर गाड्या भरून वाहू लागल्या आणि ऑगस्ट 2024 मध्ये कित्येक वर्षांनी एसटीने महिन्याचा 16 कोटींच्या वर नफा दाखवला, तो कसा? एका महिन्याच्या नफ्याने सगळं सुधारलं असं मी म्हणत नाही. सवलत दिली की धंदा बसतो, हे गृहीतक मात्र त्यात टिकत नाही.

कामचुकारपणाच्या आरोपाने मला सर्वांत जास्त राग आला. मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे तो लिहिणाऱ्याने पाहिलेलं दिसत नाही. रात्री साडेआठला गाडी मारुतीच्या देवळासमोर येऊन थांबते. ड्रायव्हर चाकाला दगड लावतो. कंडक्टर तिकीट मशीन, पैशांची पिशवी आणि डबा घेऊन समाजमंदिरात येतो. डबा आणलेला नसला तर समोरच्या घरातून भाकरी आणि कोरड्यास येतं. पैशांची पिशवी उशाखाली घेऊन दोघं सतरंजीवर झोपतात. पावसाळ्यात समाजमंदिराचा पत्रा गळतो, तेव्हा गाडीतच सीटवर. पहाटे इंजिन तापवायला सुरू केलं की त्या आवाजाने अर्धं गाव उठतं. हे त्यांनी वर्षानुवर्षं केलं आहे, सरकारी नोकरापेक्षा कमी पगारावर, आणि तो पगारही लांबत असताना. संपाच्या काळात काही कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या, हेही या राज्याने पाहिलं. 25 वर्षं विनाअपघात गाडी चालवलेल्या चालकांचा महामंडळ सत्कार करतं. घाटात रोज चढ-उतार करणाऱ्या माणसाची 25 वर्षं काय असतात, ते मेसेज पुढे पाठवण्यापूर्वी एकदा मनात आणा.

एसटीत सगळं आलबेल नाही. वर्षानुवर्षं पुरेशा नव्या गाड्या घेतल्या नाहीत. सातेक वर्षांपूर्वी 18 हजारांच्या घरात असलेला ताफा 15 हजारांच्या आसपास आला. स्थानकांची स्वच्छतागृहं बायकांना नाक दाबून वापरावी लागतात. पण गाड्याच घेतल्या नाहीत म्हणून सेवा बिघडली, सेवा बिघडली म्हणून प्रवासी गेले, प्रवासी गेले म्हणून तोटा, आणि तोटा म्हणून विका, या साखळीत पहिली कडी कोणी घातली ते तरी बघाल?

मोटारसायकलचा मुद्दा दोन ओळींत संपतो. घरात मोटारसायकल असली तरी ती चालवतं घरातलं एकच माणूस. रोज 50 लाखांहून जास्त लोक आजही एसटीने जातात, आणि आमच्या गाडीत सकाळी मोजले तर निम्म्याहून जास्त बायका, मुली आणि म्हातारी माणसं असतात. राज्यातल्या 125 मागास तालुक्यांत सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या मुलींना शाळेत नेतात, त्यासुद्धा एसटीच चालवते. आषाढीला 5 हजारांवर जादा गाड्या पंढरपूरला जातात. एप्रिल 2020 मध्ये, लॉकडाऊनमध्ये, राजस्थानातल्या कोटा शहरात शिकायला गेलेली आणि तिथेच अडकलेली आपली मुलं आणायला धुळ्याहून एसटीच्याच गाड्या गेल्या होत्या. चालक, गाड्या आणि आगारं सरकारच्या हाताशी होती, म्हणून एका आदेशावर त्या निघाल्या.

राहिलं एकच वाक्य, सरकारने धंदा करू नये. आमची गाडी पूर्वी सकाळी 6 वाजून 10 मिनिटांनी सुटायची आणि तालुक्याला 7:40 ला पोहोचायची. कॉलेजचा पहिला तास साडेसातला. पोरी रोज दहा-पंधरा मिनिटं उशिरा वर्गात जायच्या आणि बाहेर उभ्या राहायच्या. दोन वर्षांपूर्वी ग्रामसभेत बायकांनी विषय काढला. ठराव झाला, त्यावर 64 सह्या आणि अंगठे झाले, सरपंच आणि आम्ही पाचजणी तो घेऊन आगारप्रमुखांकडे गेलो. त्यांनी वेळापत्रक उघडलं, कंडक्टरला बोलावून विचारलं, परतीच्या फेरीशी मेळ बसतो का ते पाहिलं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून गाडी 5 वाजून 50 मिनिटांनी सुटायला लागली. ठरावाची पोचपावती माझ्याकडे आहे. वडापच्या जीपवाल्याला वेळ बदल म्हणायला आम्ही कोणता ठराव करणार होतो आणि तो नेऊन कुणाच्या टेबलावर ठेवणार होतो, हे त्या मेसेजला पसंतीचे अंगठे देणाऱ्या दोघींना मी उद्या सकाळी गाडीतच विचारणार आहे. ठरावावर त्या दोघींच्याही सह्या आहेत.