केसपेपरवरचा लाल शेरा

एचआयव्ही असलेल्या माणसाला हर्नियाचं ऑपरेशन करायचं असलं की खासगी दवाखान्यात अचानक बेड कसे संपतात? सकाळी बेड असतो, दुपारी रिपोर्ट येतो, संध्याकाळी 'सर्जन बाहेरगावी गेलेत'. आणि ती तपासणी तरी विचारून केलेली असते का? ऑपरेशनआधीच्या रक्ताच्या यादीत गुपचूप टिक केलेली असते! संमतीशिवाय तपासणी करणं आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं, दोन्ही बेकायदा आहे. एचआयव्ही-एड्स कायदा 2017 चा, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू.

जे ऑपरेशन करतात ते 'किट'चे (डॉक्टर-नर्सच्या संरक्षक कपड्यांचे) जादा पैसे लावतात आणि यादीत सगळ्यात शेवटी ढकलतात. पेशंट रात्रीपासून उपाशी. का, तर म्हणे नंतर ओटी (ऑपरेशनची खोली) धुवावी लागते. मग बाकीच्या पेशंटनंतर धूत नाही का तुम्ही? ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने अवजारं निर्जंतुक करणारं यंत्र, नीट चालवला तर एचआयव्हीच काय, त्याहून चिवट हिपॅटायटिस बीसुद्धा मरतो. दूषित सुई टोचली तर एचआयव्ही होण्याचा धोका साधारण 0.3 टक्के, लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा 30 टक्क्यांपर्यंत. पेशंट रोज एचआयव्हीची गोळी घेत असेल आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला असेल तर हा 0.3 आणखी खाली येतो. तरीही सुई टोचलीच, तर 72 तासांच्या आत, शक्यतो पहिल्या दोन तासांतच, लागण टाळणारं औषध सुरू करून 28 दिवस घ्यायचं. खरी काळजी घ्यायची ती प्रत्येक पेशंटच्या वेळी, कारण ज्याची तपासणीच झालेली नाही त्याचं रक्त तुम्ही बिनधास्त हाताळत असता.

वॉर्डात तर कहरच. केसपेपरच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने शेरा, वाचणार कोण, तर जेवण वाटणाऱ्या मावशी आणि शेजारच्या बेडचे नातेवाईक. उपचार करणाऱ्या डॉक्टरला माहिती हवी, मान्य. ती आतल्या नोंदीत लिहा ना!

बरं, रोगाची एवढी धास्ती, पण गोळीची माहिती शून्य. सरकारी एआरटी सेंटरवर (एचआयव्हीच्या उपचार केंद्रावर) मोफत मिळणाऱ्या टीएलडी या एचआयव्हीच्या गोळीत डोल्युटेग्राविर नावाचं औषध असतं. तिच्याबरोबरच ॲसिडिटीचं पातळ औषध पाजलं, तर त्यातले ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम गोळीला धरून ठेवतात आणि ती रक्तात पुरती उतरतच नाही. गोळी त्या औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर द्यायची. लोह-कॅल्शियमचंही तेच, फक्त जेवणासोबत घेतलं तर ते आणि ही गोळी एकत्र चालतात. हे कुणी बघत नाही. लाल शेरा मात्र बरोबर दिसतो.

नकार नेहमी तोंडी मिळतो, कागदावर कुणी देत नाही. लेखी मागा. वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या दवाखान्यात तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे, त्याचं नाव विचारा. तिथे दाद लागली नाही तर याच कायद्याखाली नेमलेल्या राज्याच्या लोकपालाकडे (ओम्बड्समनकडे) लेखी तक्रार करा: तीस दिवसांत आदेश यायला हवा, आणि पेशंटची प्रकृती तातडीची असेल तर शक्यतो 24 तासांत. अर्ज कसा लिहायचा हे एआरटी सेंटरच्या समुपदेशकाला विचारा, किंवा 1097 या एड्स हेल्पलाइनला फोन करा.