आधी उभी घडी

आमच्या वाड्यावरच्या नाट्यमंडळात मी गेली एकोणीस वर्षं प्रॉम्प्टर आहे. जत्रेच्या रात्री विंगेत मोडक्या खुर्चीवर वही घेऊन बसायचं आणि नटांना त्यांची वाक्यं सांगायची. नट ती ऐकत नाहीत. आमचा राजा तर पहिल्या अंकातलं स्वगत तिसऱ्या अंकात म्हणतो आणि वर टाळ्या घेतो. तरीही 2022 साली पंचायतीला मत कोणाला द्यावं हे वाड्याला सांगायची पाळी आली, तेव्हा अध्यक्ष मला म्हणाले, "तूंच बरय. सांगप हें तुजें कामच."

10 ऑगस्टला गोव्यातल्या 186 पंचायतींचं मतदान होतं. आमदारकीला निदान पक्ष असतो, जरी निकालानंतर तो तिथेच असेल याची हमी नसली तरी. 2019त तर विरोधी पक्षाचे पंधरापैकी दहा आमदार एका झटक्यात पलीकडे गेले होते. पंचायतीला ती भानगडच नाही. पक्षाची चिन्हं नसतात, त्यामुळे माणूस बघूनच मत द्यावं लागतं. आणि माणसं आम्ही जन्मापासून बघत आलेलो असतो, हीच खरी अडचण.

आमच्या वॉर्डात चार उमेदवार. एक आमचा राजा. दुसरा आमचा सेनापती, जो नाटकात दर वर्षी राजाशी गद्दारी करतो. तिसरा पडदा ओढणारा. चौथी, मंडळाला फुकट मंडप देणाऱ्याची बायको. वहिनी नाटकात नाहीत, पण मंडप नसेल तर नाटकही नाही. राजाला चिन्ह छत्री मिळालं, सेनापतीला शिट्टी, पडदेवाल्याला कपबशी, वहिनींना शिलाई मशीन. राजाला छत्री मिळाली, एवढी एकच गोष्ट त्या निवडणुकीत रीतसर झाली.

सभा देवळाच्या अग्रशाळेत भरली. बाहेर पाऊस, आत भजी-पाव. आमच्या मंडळाची सभा कोकणीतून होते आणि इतिवृत्त मराठीतून लिहिलं जातं, त्यामुळे आमचा इतिहास फार सभ्य आहे. "तुज्या बापायनूय मंडळाचे पयशे बुडयल्यात!" हे वाक्य वहीत 'जुन्या येण्यांबाबत सविस्तर विचारविनिमय झाला' असं उतरतं. त्या दिवशी विचारविनिमय इतका सविस्तर झाला की दोन खुर्च्या बदलाव्या लागल्या.

खजिनदाराचं म्हणणं, मंडळानं एकमतानं एक नाव द्यायलाच हवं. फेब्रुवारीतल्या विधानसभेला आमच्याच तालुक्यात प्रियोळची जागा 213 मतांनी गेली, तिकडे सांत आंद्रेत 76 मतांनी. आपल्या वॉर्डात मतं ती किती, एक घर इकडचं तिकडे झालं की संपलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग अध्यक्षांनी विचारलं, "तर मग कोण?" आणि अग्रशाळेत फक्त पाऊस ऐकू येऊ लागला. चारही उमेदवारांची माणसं समोर बसलेली. राजा तर 'निरीक्षक' म्हणून स्वतःच आला होता आणि भजी वाढत होता. शेवटी कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "पळोवया." गोव्यात पळोवया म्हटलं की ठराव बारगळला असं समजायचं.

तरी मी लिहिलं: 'मंडळाचा पाठिंबा सुयोग्य उमेदवारास राहील.' एकमतानं संमत. दुसऱ्या सकाळी पोदेर पाव घेऊन आला तोवर चौघांनीही घरोघर सांगून झालं होतं की मंडळानं आपल्यालाच पाठिंबा दिलाय.

मग पत्रक. निवृत्त मास्तरांनी नियम काढला की निवडणुकीच्या पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव लागतं. हे कळताच प्रकाशक व्हायला कोणी उरेना. अध्यक्षांची कंबर धरली, खजिनदाराला म्हापशाला लग्न निघालं. मास्तरच म्हणाले, नाव नकोच मुळी. मत कोणाला द्यावं हे न सांगता मत कसं द्यावं तेवढं सांगूया. मंडळाच्या इतिहासात हा एकच मुद्दा असा होता की त्यावर कोणाचा मेहुणा उभा नव्हता.

पंचायतीला मशीन नव्हतं, मतपत्रिका होती. बाणफुलीचा शिक्का एकाच चिन्हावर मारायचा, मग पत्रिकेची आधी उभी घडी घालायची, नंतर आडवी, म्हणजे ओली शाई शेजारच्याच्या चिन्हावर उमटत नाही. सोपं वाटतं ना? मीही तसंच समजलो. नमुना म्हणून मी एक कागद आखला. खरी चिन्हं घेतली तर क्रम कोणाचा यावरून पुन्हा सभा, म्हणून केळं, आंबा, अननस, फणस काढले.

संध्याकाळी पडदेवाला दारात. "केळें पयलें कित्याक? केळें म्हणल्यार राजा?" मी म्हटलं, केळं म्हणजे केळं. त्याला पटलं नाही. रात्री सेनापतीचा निरोप आला, फणसाला काटे असतात, हे मला उद्देशून आहे का? वहिनी स्वतः काही बोलल्या नाहीत, पण यंदाच्या मंडपाचं जरा कठीण दिसतंय असं त्यांचे यजमान दोन ठिकाणी म्हणाले. मी चारही फळं खोडली आणि चार रिकामे चौकोन ठेवले. मग पत्रकात बोलण्यासारखी राहिली घडी. तिच्यावर मी जीव ओतला. उभी घडी, आडवी घडी, बाण दाखवून आकृत्या, 'घाई करू नये' असं ठळक अक्षरात.

माझ्या आजीला ते दाखवलं. ती ऐंशीची. कागद लांब धरून तिनं विचारलं, "फूल खंय आसा?"

आजीच्या लेखी खरी निवडणूक एकच, 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, संघप्रदेश म्हणून वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. आमच्या घरात मराठी पोथ्या, मराठी वर्तमानपत्रं, आजोबा कडवे विलीनीकरणवादी. मतदानाच्या आदल्या रात्री त्यांनी सगळ्या बायकांना ओळीत बसवून फूल दाखवलं होतं, दासवाळीचं, खरं. कौल 34,021 मतांनी पानांच्या बाजूनं गेला, आणि पुढची वीसेक वर्षं आजोबा जेवताना त्या फितुरांना शिव्या देत होते.

मी म्हटलं, "आजी, ह्या वेळी फूल ना. शिक्क्याचंच नाव बाणफुली."

"मागीर फूल आसाच मूं," ती म्हणाली आणि पत्रक पदराला बांधलं.

मतमोजणीच्या दिवशी राजा दोन मतांनी पडला. कपबशी जिंकली. एकोणीस वर्षं ज्यानं पडदा पाडला, त्याच्याच हातात आता सगळं, असं मास्तर म्हणाले. आणि तीन मतं बाद. राजाचा प्रतिनिधी मोजणीहून थेट माझ्याकडे आला, चिखलाच्या पायांनी. तिन्ही पत्रिका त्यानं डोळ्यांनी बघितल्या होत्या. "घडी कशी, सांगूं? आधी उभी, मग आडवी. इस्त्री केल्यासारखी. आणि शिक्का खंयच ना!"

मी पत्रक काढून बघितलं. शिक्क्याचा उल्लेख होता. तळाला, प्रकाशकाच्या रिकाम्या जागेखाली, बारीक अक्षरात.

तो गेल्यावर मी मागच्या पडवीत आलो. आजी पातोळ्यांसाठी हळदीची पानं पुसत बसली होती.

"तीन मतं बाद झाली, आजी. तू शिक्का मारलास ना?"

"मारलो."

"कोणाला?"

तिनं पानं पालथी केली. मला एकदम काहीतरी सुचलं. "आणि सदुसष्टात? फुलालाच ना?"

"तुज्या आजोन विचारिल्लें," ती म्हणाली, "तेन्ना हांवें व्हय म्हणलें." आणि जुडीतली दोन पानं ओढून तिनं माझ्या हातात दिली. "हीं पूस."