297 वर्षं कुणीही घुसडलेली नाहीत

'इ.स. 614 ते 911 हा काळ घडलाच नाही. सम्राट आणि पोप यांनी संगनमत करून 297 वर्षं कॅलेंडरात घुसडली. शार्लमेन नावाचा राजा झालाच नाही. आज आपण खरं तर अठराव्या शतकात जगतोय.' या आशयाचा मजकूर आणि त्यासोबतचा व्हिडिओ पुन्हा जोरात फिरतोय. बारावीतल्या भाचीने तो 'मग सनावळ्या पाठ कशाला करायच्या?' असं विचारत पाठवला, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतो. मूळ कल्पना हेरिबर्ट इलिग या जर्मन लेखकाची, 1991 मधली. तिची उत्तरं कधीच दिली गेली आहेत, फक्त ती कुणी फॉरवर्ड करत नाही.

'13 दिवस वगळायला हवे होते, 10 च वगळले'

सगळा डोलारा या एका मुद्द्यावर उभा आहे. ज्युलियस सीझरचं कॅलेंडर इ.स.पू. 45 मध्ये लागू झालं. त्यातलं वर्ष 365.25 दिवसांचं. ऋतुचक्राचं वर्ष 365.2422 दिवसांचं. फरक वर्षाला साधारण 11 मिनिटांचा, म्हणजे 128 वर्षांत एक दिवस. इ.स.पू. 45 ते 1582 ही 1626 वर्षं, भागिले 128, म्हणजे जवळपास 13 दिवस. पोप तेरावा ग्रेगरी याने 1582 मध्ये 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर आणला, म्हणजे 10 च दिवस वगळले. उरलेले तीन दिवस म्हणजेच 'न घडलेली' तीन शतकं, असा दावा.

इथला भागाकार बरोबर आहे, सुरुवातीचं वर्ष चूक आहे. ग्रेगरीला सीझरच्या काळात परत जायचंच नव्हतं. ईस्टरचं गणित वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र सारखे होतात तो दिवस) 21 मार्चला धरून चालतं, आणि संपात त्या तारखेला परत आणायचा आहे, ती तारीख इ.स. 325 च्या नायसियाच्या धर्मसभेची आहे, असं त्याच्या आज्ञापत्रातच म्हटलंय. म्हणून मोजायचं 325 पासून. 1582 वजा 325 म्हणजे 1257. भागिले 128, उत्तर 9.8. दहा दिवस. सीझरच्या वेळी संपात 23 मार्चच्या आसपास होता. ते जास्तीचे दोन-तीन दिवस 325 च्या आधीच सरकून गेले होते.

आता इलिगचीच 297 वर्षं यातून वजा करून बघा. 1257 वजा 297 म्हणजे 960. भागिले 128, उत्तर 7.5. ती शतकं खरोखरच घडली नसती, तर ग्रेगरीला सात किंवा आठ दिवस वगळावे लागले असते. त्याने दहा वगळले. ज्या आकड्याचा पुरावा म्हणून गवगवा होतो, तोच आकडा दावा पाडतो.

'तिघांनी मिळून कट केला'

पवित्र रोमन सम्राट तिसरा ऑटो, पोप दुसरा सिल्व्हेस्टर आणि बायझंटाइन सम्राट सातवा कॉन्स्टंटाइन, अशी तिघांची नावं दिली जातात. कॉन्स्टंटाइन 959 मध्ये वारला. ऑटो 980 मध्ये जन्मला. या मुद्द्यावर याहून जास्त वेळ घालवत नाही.

'त्या काळातली कागदपत्रं बनावट आहेत'

यात अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागेल. मध्ययुगीन युरोपात मठांनी आणि चर्चने जमिनी आणि हक्क मिळवण्यासाठी भरपूर खोटे दस्त केले. रोमन सम्राट पहिल्या कॉन्स्टंटाइनच्या नावावरचं प्रसिद्ध दानपत्र बनावट असल्याचं इटालियन विद्वान लोरेंझो व्हाल्लाने 1440 मध्येच दाखवलं. पण दस्त खोटा ठरतो तो कशावरून? त्यातली भाषा, अक्षरवळण, पदव्या त्या काळाच्या अस्सल दस्तांशी जुळत नाहीत यावरून. म्हणजे ताडून बघायला अस्सल दस्त हाताशी लागतातच. खोट्या खरेदीखतामुळे जमीन नाहीशी होत नाही.

'झाडांची वलयं आणि कार्बन-14 एकमेकांच्या आधारावर उभी आहेत'

वलयं मोजायला कार्बन-14 (जुन्या लाकडा-हाडांचं वय काढायला वापरतात तो किरणोत्सारी कार्बन) लागतच नाही. जिवंत झाडाच्या सालीपासून आत मोजत जायचं. रुंद-अरुंद वलयांचा क्रम जुन्या तुळईच्या बाहेरच्या वलयांशी जुळवायचा, मग ती तुळई तिच्याहून जुन्या लाकडाशी. चूक होऊ शकते. दुष्काळी वर्षी कधी वलय पडतच नाही, कधी एका वर्षात दोन पडल्यासारखी दिसतात. म्हणून एका खोडावर विसंबून न राहता अनेक नमुने ताडून बघतात. अशी चूक एक-दोन वलयांची असते, 297 ची नव्हे.

आणि 2012 पासून तर हा आक्षेपच उरलेला नाही. फुसा मियाके यांच्या गटाला जपानी देवदारात 774 ते 775 या एका वर्षात कार्बन-14 सुमारे 1.2 टक्क्याने उसळलेला सापडला. तशीच दुसरी उसळी 993 ते 994 मध्ये सापडली. 2018 मध्ये पाच खंडांतल्या 44 वलयमालिका तपासल्या गेल्या. दोन्ही उसळ्या सगळीकडे त्याच वर्षांच्या वलयांत निघाल्या, मधे 219 वलयांचं अंतर ठेवून. 774 हे 'न घडलेल्या' काळाच्या अगदी पोटात येतं. जर्मनीतल्या ओकमध्ये कुणी गडबड केली असं घटकाभर धरलं, तरी कॅलिफोर्नियातल्या पाइनमध्ये तीच गडबड कोण करणार?

युरोपाबाहेरचं जग

मला सगळ्यात जास्त चीड येते ती इथे. हा दावा युरोप म्हणजेच जग असं धरून चालतो. 614 ते 911 पुसायचं, तर चीनमधलं 618 ते 907 चं तांग घराणं जवळपास अख्खं जातं. 622 चं हिजरतीचं वर्ष आणि त्यापुढची सालं छापलेली हजारो नाणी जातात. ऐहोळेचा शिलालेख जातो. रविकीर्तीने कोरवलेल्या या पुलकेशीच्या प्रशस्तीत शक 556, म्हणजे इ.स. 634-35, दिलंय, आणि शेजारी भारतयुद्धापासूनची 3735 वर्षंही मोजून दिली आहेत. त्याच पुलकेशीबद्दल ह्युएनत्संग चिनी भाषेत लिहितो. ब्रह्मगुप्ताने आपल्या ग्रंथाचा काळ शक 550 दिलाय. वेरूळचं कैलास लेणं ज्या राष्ट्रकूटांनी खोदवलं, ते पहिल्या कृष्णासकट जातात.

'त्यांच्या कालगणनाही मागाहून सरकवल्या' असं कुणी म्हणेल, तर अकराव्या शतकातला विद्वान अल-बिरूनी बघा. भारताविषयी लिहिताना त्याने ताडून बघण्यासाठी एकच वर्ष वेगवेगळ्या गणनांत दिलंय: इराणी यज्दगर्द 400, विक्रम 1088, शक 953. हे इ.स. 1031. यज्दगर्दची गणना 632 पासूनची. ब्रह्मगुप्ताच्या शक 550 पासून शक 953 पर्यंत 403 वर्षं, आणि 628 पासून 1031 पर्यंतही 403 च. रोमच्या पोपशी यातल्या एकाही गणनेचा संबंध नाही.

हॅलीचा धूमकेतू

एकच पुरावा लक्षात ठेवायचा असेल, तर हा ठेवा. हॅली साधारण 76 वर्षांनी येतो. गुरूसारख्या ग्रहांच्या ओढीने ही मुदत 74 ते 80 च्या दरम्यान हलते. चिनी नोंदींतली त्याची दर्शनं अशी: 530, 607, 684, 760, 837, 912, 989. आता 614 ते 911 काढून टाका. 912 चं होतं 615. मग 607 ला आलेला धूमकेतू आठ वर्षांत परत आला म्हणायचं! 607 ची नोंदही खोटी म्हटली, तर 530 ते 615 ही 85 वर्षं होतात. इतका उशीर हॅलीने नोंदलेल्या इतिहासात कधीच केलेला नाही.

837 चं दर्शन तर खास आहे. 10 एप्रिलच्या सुमारास तो पृथ्वीपासून जेमतेम 50 लाख किलोमीटरवरून, म्हणजे चंद्राच्या सुमारे तेरा पट अंतरावरून गेला. तांग दरबारच्या ज्योतिषांनी त्याची जागा आणि शेपटीची लांबी टिपून ठेवली. तिकडे शार्लमेनचा मुलगा लुई याच्या निनावी चरित्रकाराने लिहिलं की ईस्टरच्या दिवसांत धूमकेतू कन्या राशीत दिसला आणि पंचवीस दिवसांत सिंह, कर्क, मिथुन ओलांडून वृषभात पोचला. राशींचा क्रम उलटा आहे, आणि हॅली सूर्याभोवती ग्रहांच्या उलट दिशेनेच फिरतो. हा धूमकेतू ठरावीक काळाने परत येतो हे एडमंड हॅलीने 1705 मध्ये दाखवलं. इ.स. 1000 च्या सुमाराला बनावट इतिहास लिहिणाऱ्याला हे अंतर आणि ही दिशा कुठून सुचणार?

येओमन्स आणि कियांग या खगोलशास्त्रज्ञांनी 1981 मध्ये हॅलीची कक्षा इ.स.पू. 1404 पर्यंत मागे नेली. इ.स.पू. 164 आणि 87 ची दर्शनं बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर सापडली आहेत. इ.स.पू. 164 पासून 1986 पर्यंत 28 फेऱ्या होतात, सरासरी 76.75 वर्षांच्या. यातली एकही फेरी काढायला जागा नाही. पुढचं दर्शन 2061 च्या जुलैत आहे.