वाटीने शुगर उतरत नाही भाऊ, मीही तेच म्हणतो

भाऊ, "काशाच्या वाट्या वाजवून रोग पळत असते तर मेडिकलमध्ये एवढी गर्दी काहून असती, लोकांची दिशाभूल करता" ही काशाच्या वाट्यांच्या नादावरच्या माझ्या लेखाखालची तुमची कमेंट दोनदा वाचली, पहिले राग आला, मग म्हटलं अर्धं तर बरोबरच आहे नं.

लेखातली ४३२ हर्ट्झवाली (म्हणजे सेकंदाला ४३२ कंपनं) ओळ आधी घेतो, कारण तिथं मी खरंच चुकलो. त्या सुराने पेशी दुरुस्त होतात हे व्हॉट्सॲपवरून उचललं होतं. त्यात ज्याला नावं ठेवतात तो ४४० हर्ट्झ हा आकडा वाद्यं जुळवायसाठी, १९५५ साली आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने ठरवलेला, आणि आपल्याकडे तर गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे तानपुऱ्याचा सा वरखाली होते, मग ४३२ लाच काय सोनं लागलं? ओळ काढून टाकली.

पण "कंपनाने शरीराला काहीच होत नाही" हे तुमचं नाही पटत. १९८० मध्ये म्युनिकला पेशंटच्या किडनीतला खडा पहिल्यांदा चिरफाड न करता, बाहेरून नुसत्या लहरींच्या धक्क्यांनी फोडला. शुगरवाल्यांच्या पायाला डॉक्टर १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क लावून कंप जाणवतो का ते पाहतात, ते काय उगाच? आता तुम्ही म्हणाल वाटीत तेवढा दम कुठे. नाहीच. वाटीचं काम वेगळं. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला रात्री झोप लागेना, गोळ्या चालूच होत्या, मी उशाशी बसून वाटी वाजवायचो आणि नाद विरेपर्यंत तिचा श्वास संथ व्हायचा. दुखणं तिथंच होतं, धास्ती कमी झाली. लेक शेजारी बसला याचाही त्यात वाटा असणारच, नाकारत नाही.

वाटी नको तर भ्रामरी करा, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायचा प्राणायाम, फुकट आहे. गुणगुणताना नाकातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू गप्प श्वासापेक्षा १५ पट निघतो, हे २००२ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी मोजलंय. (त्यावरून सायनस बरा होतो म्हणू नका, नाहीतर परत मलाच शिव्या.)

आणि हो, एका शिबिरात शिकवणाऱ्याने इन्सुलिन हळूहळू बंद करा म्हटलं, तेव्हा मी चप्पल घालून निघालो, फी बुडाली. तुमचा राग त्याच्यावर पाहिजे होता.

पेसमेकर, मिरगी, गरोदरपण असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय वाटी अंगावर ठेवू नका, हे मूळ लेखात राहून गेलं होतं, आता सगळ्यात वर टाकतो.

किमतीचं म्हणाल तर 'सात धातूंची तिबेटी' म्हणून विकतात ती बहुतेक तांबं आणि कथीलच असते, म्हणजे आपलं कासं. नागपूरच्या इतवारी बाजारात वाजवून पाहा, मगच घ्या.