काहीच न घडण्याचा पगार

गॅस बंद केला की नाही हे बघायला तुम्ही अर्ध्या जिन्यातून परत येता? बिलावरची बेरीज स्वतः पुन्हा करता? मग एव्हाना तुमचं नाव ‘किरकिऱ्या’ पडलेलंच असणार. हरकत नाही. या दुखण्यावर पगार देणाऱ्या नोकऱ्या आहेत. फक्त रुजू होण्याआधी थोडं ऐकून घ्या.

पहिलं म्हणजे कौतुकाची आशा सोडा. आगीत उडी घेणाऱ्याचा फोटो छापून येतो. तडा गेलेली शिडी आधीच बाजूला काढणाऱ्याला मात्र ‘शिडी कुठे ठेवलीस रे?’ एवढंच विचारतात. तुमचं काम चोख झालं याचा पुरावा काय, तर काहीच झालं नाही! आणि काहीच होत नसेल तर या माणसाला ठेवलाय कशाला, ही शंका वरच्या कुणाला तरी येतेच.

रुग्णालयात औषधं द्यायचीत? मग एका टिंबाशी संसार करा. ‘१.०’ मधलं टिंब पुसट उमटलं की एकाचे दहा होतात, ‘.५’ मधलं गेलं की अर्ध्याचे पाच. म्हणून एकाच्या पुढे शून्य लावायचं नाही, अर्ध्याच्या मागे मात्र लावायचंच. शंका आली की डॉक्टरांना फोन करायचा, रांगेतल्यांचे उसासे ऐकत.

कारखान्यात यंत्राच्या दुरुस्तीला पाच जण लागले तर मुख्य स्विचला पाच कुलपं. ज्याचं कुलूप त्याच्याच खिशात किल्ली; पाचही निघेपर्यंत यंत्र सुरू करता येत नाही. चार निघतात, पाचव्याचा मालक कुठेतरी चहा पीत बसलेला असतो. सगळे म्हणतात, तोडा ते! तो खरंच चहा पितोय की अजून यंत्राच्या आत आहे, हे बघून येणारा एकटा वैताग म्हणजे तुम्ही.

विमानाच्या देखभालीत तरी तुमच्यासारख्यांना डोक्यावर घेत असतील, नाही? १९९० साली ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाच्या कॉकपिटची काच रात्रपाळीच्या प्रमुखाने स्वतः बदलली. जुना बोल्ट शेजारी धरला, नजरेनेच नवे जुळवले. अंदाजपंचे दाहोदरसे! इथे दुसऱ्या मापाचे लागतात, असं स्टोअरवाला म्हणाला होता. म्हणाला, आणि गप्प बसला. ९० पैकी ८४ बोल्ट जाडीला कमी निघाले. फरक किती, तर जेमतेम ०.६६ मिलिमीटर. उरलेले सहा जाडीला बरोबर होते, फक्त आखूड होते. १७,३०० फुटांवर काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत विमानाबाहेर. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान उतरवलं. सगळे वाचले, कॅप्टनसुद्धा.

मला राहून राहून तो स्टोअरवाला आठवतो. माप त्याला बरोबर ठाऊक होतं. नडली ती भीड. तेव्हा अर्जात ‘बारकाईने काम करतो’ असलं काही लिहू नका, ते सगळेच लिहितात. ‘तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगताना मला लाज वाटत नाही,’ असं लिहा.

नेमणूकपत्र आलं की आधी रुजू होण्याची तारीख तपासा. महिना चुकलेला असेल. लगेच कळवा. पलीकडून उत्तर येईल, “अहो, चालतंय हो, तुम्ही या तर!”

दुसऱ्यांदा कळवा.